एका किटलीच्या हट्टापायी

घरी पाहुणे येणार असले की आपण ठेवणीतल्या कपबशा बाहेर काढतो. कपबशा सुरेख, पण त्यांना शोभेल अशी चहाची किटली मात्र घरात नसते. मग आपण काय करतो? बाजारात दोन-चार दुकाने धुंडाळतो. जोड मिळाला नाही तर ‘चालायचेच’ म्हणून पातेल्यातूनच चहा गाळतो आणि ती गोष्ट विसरून जातो.

एका बाईंनी मात्र ही गोष्ट विसरायचे नाकारले. जोडाची किटली विकत मिळत नाही ना, मग ती मी माझ्या हाताने घडवीन, असा हट्ट त्यांनी धरला. त्यावेळी त्यांचे वय होते चाळीस वर्षे. कुंभारकामाचा त्यांना गंधही नव्हता. त्या हट्टातून एक छंद जन्माला आला. छंदातून धंदा उभा राहिला आणि धंद्यातून पुढची साठ वर्षे पुरून उरेल असे आयुष्य उभे राहिले. त्या बाईंचे नाव बिॲट्रिस वुड. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात त्यांनी आपली भट्टी पेटती ठेवली आणि १२ मार्च १९९८ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

चाळिशी उलटली म्हणजे नवे काही शिकायचे दिवस संपले, असे समजणाऱ्या आपल्या असंख्य भगिनींसाठी, आणि भावांसाठीही, ही हकिकत मुद्दाम सांगावीशी वाटते.

श्रीमंत घर, पण रिकामे हात

बिॲट्रिसबाईंचा जन्म ३ मार्च १८९३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एका धनिक कुटुंबात झाला. मुलीने उंची कपडे घालून मेजवान्यांत मिरवावे आणि तोलामोलाच्या घरी लग्न करून जावे, अशी घरच्यांची अपेक्षा. मुलीला मात्र चित्रे काढायची होती, रंगभूमीवर काम करायचे होते. घरी भांडून त्या पॅरिसला चित्रकला शिकायला गेल्या. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्यांना परत यावे लागले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी एका फ्रेंच नाटक मंडळीत कामे केली. तिथेच त्यांची ओळख मार्सेल द्यूशाँ या गाजलेल्या कलावंताशी झाली आणि १९१७ साली द्यूशाँ व त्यांचे मित्र रोशे यांच्याबरोबर त्यांनी ‘द ब्लाइंड मॅन’ नावाचे एक छोटेसे नियतकालिकही काढले.

म्हणजे कलेच्या जगात त्यांची ऊठबस मोठी होती. पण ऊठबस म्हणजे उपजीविका नव्हे! पहिले लग्न झाले, ते फसवणुकीचे निघून रद्द झाले. १९२८ साली त्या लॉस एंजेलिसला आल्या. चाळिशी जवळ आली तरी स्वतःच्या हातांच्या बळावर मिळणारी, खात्रीची अशी कमाई त्यांच्यापाशी नव्हती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बाईंना शिक्षण, प्रवास, इंग्रजी-फ्रेंच भाषा आणि मोठमोठ्या लोकांची ओळख जन्माने मिळाली होती. आपल्या वस्तीतल्या बाईला यातले काहीच आयते मिळत नाही. तेव्हा ‘त्यांना जमले मग तुम्हाला का नाही?’ असा सोपा सवाल कोणाला टाकण्यात अर्थ नाही. पण माती ही मोठी न्यायी वस्तू आहे. चाकावर बसलेल्या माणसाचे गोत्र आणि खानदान ती विचारत नाही. चाकावर बसल्यावर बिॲट्रिसबाईही शून्यावरच होत्या.

किटली का जमत नाही?

१९३० च्या दशकाच्या आरंभी तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती यांची व्याख्याने ऐकण्यासाठी त्या हॉलंडला गेल्या होत्या. तिथे जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांना काही बशा दिसल्या. बशा मातीच्याच, पण सोन्यासारख्या चकाकणाऱ्या. बाईंनी त्या विकत घेतल्या. मायदेशी परतल्यावर या बशांना शोभेल अशी किटली शोधू लागल्या, ती काही मिळेना. तेव्हा १९३३ साली त्यांनी हॉलिवूडमधल्या एका शाळेत प्रौढांसाठी चालणाऱ्या कुंभारकामाच्या वर्गात नाव घातले. वाटले, थोड्या दिवसांत किटली तयार होईल.

कुंभाराच्या घरातला कोणीही जाणता माणूस हे ऐकून हसला असता. कारण मातीच्या भांड्यांत किटली हे फार अवघड काम. एकाच वस्तूत चार वस्तू असतात : पोट, तोटी, कान आणि झाकण. या चारही वेगवेगळ्या घडवायच्या आणि माती ना ओली ना सुकी अशी असताना एकमेकींना जोडायच्या. एक भाग जास्त वाळला नि दुसरा ओला राहिला, की जोडावर चीर पडलीच म्हणून समजा. माती वाळताना आणि भाजताना आकसते. ओल्या भांड्याच्या तुलनेत भाजलेले भांडे साधारण दहाव्या हिश्शाने लहान होते, कधी त्याहूनही अधिक. म्हणून झाकण त्याच मातीचे आणि त्याच बैठकीत घडवावे लागते. आज पोट आणि आठवड्याने झाकण, असे चालत नाही.

तोटीची गंमत तर आणखी निराळी. तिचे टोक आतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवे, नाही तर किटली भरण्याआधीच चहा सांडेल. चाकावर ओढलेल्या तोटीला चाकाच्या फिरण्याची जणू आठवण राहते. सरळ लावलेली तोटी भट्टीतून बाहेर येते ती किंचित वळून. म्हणून अनुभवी कारागीर तिचे टोक आधीच जरासे उलट्या बाजूला वळवून कापतो. हे पुस्तकात वाचून हातात येत नाही. त्यासाठी बऱ्याच तोट्या वाकड्या व्हाव्या लागतात.

तेव्हा बाईंची किटली काही त्या वर्गात झाली नाही. झाल्या त्या लहानसहान आकृत्या आणि बशा. गंमत अशी की त्यांतल्या काही चक्क विकल्या गेल्या. आपल्या हाताने केलेल्या वस्तूसाठी अनोळखी माणूस खिशात हात घालतो, हा अनुभव ज्यांनी घेतला असेल त्यांनाच त्याचे मोल कळेल. छंद पहिल्यांदा धंद्याकडे वळून पाहतो तो इथे.

दुकान उघडले, तरी पुन्हा विद्यार्थिनी

१९३७ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, बिॲट्रिसबाईंनी हॉलिवूडमधल्या सनसेट बुलेव्हार्डवरील ‘क्रॉसरोड्स ऑफ द वर्ल्ड’ या बाजारपेठेत स्वतःचा छोटासा गाळा घेतला. पाटी लागली, गिऱ्हाईक येऊ लागले. पण १९३८ च्या मार्च महिन्यात लॉस एंजेलिसला मोठा पूर आला आणि बाईंचे राहते घर त्या पुरात गेले. पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

अशा वेळी माणूस काय म्हणतो? ‘आता पुरे झाले शिकणे, चार पैसे मिळवू.’ बाईंनी नेमके उलटे केले. दुकान उघडलेले असताना त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ग्लेन लुकन्स या नामवंत शिक्षकाकडे त्या शिकायला गेल्या. पुढे १९४० च्या सुमारास गर्ट्रुड आणि ऑटो नाट्झलर या दांपत्याकडेही शिकल्या. हे दांपत्य ऑस्ट्रियातले. हिटलरने १९३८ साली ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर देश सोडून ते अमेरिकेत आले होते. गर्ट्रुडबाई चाकावर भांडे ओढीत आणि ऑटो त्यावर झिलई चढवीत. दोघांची ही वाटणी कुंभारकामाच्या जगात प्रसिद्ध आहे.

बिॲट्रिसबाई या दोघांपेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या होत्या. आपल्याहून धाकट्या माणसाच्या पायाशी बसून शिकायला त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांनी स्वतःबद्दल मोकळेपणाने लिहून ठेवले आहे की, आपण काही जन्मजात कारागीर नव्हतो. ज्यांच्या हातात उपजत कौशल्य असते त्यांना झगडावे लागत नाही. आपण मात्र झपाटल्यासारख्या शिकत राहिलो. या कबुलीत केवढा धीर आहे!

धुरातून निघालेले सोने

ज्या चकाकीपायी हे सारे सुरू झाले, तिचा नाद बाईंनी शेवटपर्यंत सोडला नाही. ही चकाकी येते कशी, ते थोडक्यात पाहू.

मातीचे भांडे एकदा भाजले की ते पक्के होते, पण पाणी शोषते. त्यावर गारेची पूड, थोडी माती आणि ते मिश्रण वितळायला मदत करणारे क्षार पाण्यात कालवून चढवतात आणि भांडे पुन्हा भाजतात. साधारण हजार अंश सेल्सिअसच्या पुढे-मागे हे मिश्रण वितळून भांड्यावर काचेचा पातळ थर बसतो. हीच झिलई. या झिलईत चांदी, तांबे अशा धातूंचे क्षार मिसळले आणि भट्टी तापलेली असतानाच आतली हवा तोडून धूर कोंडला, तर त्या धुराला प्राणवायू कमी पडतो. मग तो झिलईतल्या क्षारांमधला प्राणवायू ओढून घेतो आणि मागे उरतो तो शुद्ध धातूचा अतिशय पातळ पापुद्रा. काचेखाली अडकलेला हाच पापुद्रा सोन्यासारखा, मोरपिसासारखा, कधी साबणाच्या फुग्यासारखा चमकतो.

धूर करायला कोणी लाकडाच्या ढलप्या टाकतात, कोणी डांबराच्या गोळ्या. धूर दोन मिनिटे कमी झाला तर चमक येत नाही, जास्त झाला तर भांडे काळवंडते. भट्टी निवेपर्यंत आत काय घडले ते कोणालाच सांगता येत नाही. उघडल्यावर कधी आनंद, तर कधी महिन्याभराची मेहनत उकिरड्यावर! बिॲट्रिसबाईंनी हा जुगार पन्नास-साठ वर्षे खेळला आणि त्यातच आपले नाव केले. बशा झाल्या, पेले झाले आणि हो, किटल्याही झाल्या.

१९४८ साली त्या ओहाय नावाच्या डोंगराळ गावी राहायला गेल्या. आपल्या कामावर आपण घर चालवू शकतो, ही खात्री त्यांना आता झाली होती. वय पंचावन्न. आपल्याकडे या वयात निवृत्तीचे हिशेब सुरू होतात, त्यांचा खरा बहराचा काळ आता सुरू झाला.

१९६१ साली त्या भारतातही आल्या. त्यावेळी हस्तकला मंडळाची धुरा वाहणाऱ्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांचे त्यांना निमंत्रण होते. आपल्या खेड्यापाड्यातल्या कारागिरांची कला त्यांनी पाहिली आणि त्या इतक्या भारावून गेल्या की पुन्हा पुन्हा इथे आल्या. पुढे साडी हाच त्यांचा नेहमीचा पोशाख झाला. अंगावर रेशमी साडी, हातांत चांदीचे दागिने आणि बोटांना माती! ‘टायटॅनिक’ हा १९९७ चा चित्रपट वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात सुरुवातीला एक शंभरी ओलांडलेली आजी चाकावर भांडे घडवताना दिसते. ती व्यक्तिरेखा रंगवताना आपल्यासमोर काही अंशी बिॲट्रिस वुड होत्या, असे दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांनी सांगितले आहे. बाई स्वतः त्या बोटीवर कधी नव्हत्या, पण चाक मात्र खरे होते.

छंद कुठे संपतो, धंदा कुठे सुरू होतो?

आज मुंबई-पुण्यातच नव्हे, तर इतर शहरांतही कुंभारकामाचे वर्ग चालतात. नोकरी करणाऱ्या मुली, गृहिणी, सेवानिवृत्त मंडळी हौसेने चाकावर बसतात. त्यांतल्या काहींना वाटते, नोकरी सोडून हेच करावे. त्यांनी उडी घेण्यापूर्वी चार गोष्टींचा विचार जरूर करावा.

पहिली गोष्ट, पुनरावृत्ती. हौसेच्या कामात एक सुंदर पेला झाला की समाधान होते. धंद्यात गिऱ्हाईक तसेच सहा पेले मागते, आणि दोन महिन्यांनी फुटलेल्याच्या जागी सातवा. त्यासाठी मातीचे वजन, झिलईचे माप, भट्टीचा वेळ या सर्वांची वहीत नोंद हवी. आठवणीवर धंदा चालत नाही.

दुसरी गोष्ट, किमतीचा हिशेब. माती आणि जळण यांचा खर्च सगळेच धरतात. फुटलेल्या भांड्यांचा खर्च आणि स्वतःच्या श्रमाचा मोबदला मात्र आपल्या बायका धरायला विसरतात. घरातले काम फुकट, तसे हेही फुकट! ही सवय आधी मोडली पाहिजे. वाचलेल्या भांड्यांच्या किमतीत फुटलेल्यांची किंमत आणि आपली रोजी दोन्ही मिळवायला हवीत.

तिसरी गोष्ट, प्रकृती. सुक्या मातीची आणि गारेची धूळ फुप्फुसात साठते आणि कायमचा आजार देते. म्हणून कामाची जागा कोरड्या केरसुणीने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. झिलईची पूड कालवताना चांगल्या प्रतीचा मास्क लावावा. भट्टीत धूर करायचा तो उघड्या, हवेशीर जागीच. शिसे असलेली झिलई खाण्यापिण्याच्या भांड्यांना कदापि वापरू नये.

चौथी गोष्ट, घाई नको. बिॲट्रिसबाईंना पहिला वर्ग ते पहिला गाळा या वाटेला चार वर्षे लागली आणि पहिला वर्ग ते ओहायचे घर या वाटेला पंधरा. नोकरीचा आधार असेल तर तो एकदम सोडू नये. सुट्टीच्या दिवशीची विक्री घरखर्चाचा मोठा भाग उचलू लागली आणि ते वर्षभर टिकले, की मग निर्णय घ्यावा.

आवडीचे काम कोणाच्या वाट्याला?

शेवटी एक प्रश्न, जो आपल्याला टाळता येणार नाही. आपल्या देशात माती घडवणारी कुटुंबे हजारो वर्षांपासून आहेत. मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात आजही चाके फिरताना दिसतात. पण त्या कुटुंबांतल्या किती जणांनी हे काम आवडीने निवडले? आणि ज्याला ते आवडले असते, पण ज्याचा जन्म दुसऱ्या जातीत झाला, त्याला चाकाजवळ कोणी बसू दिले? बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथात हेच दाखवून दिले. जातिव्यवस्था ही केवळ कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे. माणसाची आवड आणि कुवत न पाहता, आईबापांच्या पायरीवरून ती त्याचा धंदा आधीच ठरवून टाकते. ज्या कामात मन नाही ते काम हात तरी नीट कसे करतील?

म्हणून छंदातून धंदा निवडणे ही केवळ श्रीमंतांची चैन समजू नये. आपल्या आवडीचे काम आपण निवडणे हा माणूसपणाचा हक्क आहे. कुंभाराच्या मुलाला डॉक्टर होता आले पाहिजे आणि सफाई कामगाराच्या मुलीला, मनात आले तर, कुंभार होता आले पाहिजे. चाकही तिचे, भट्टीही तिची आणि भांड्याखाली कोरलेली सहीही तिची.

यासाठी ज्ञान मोकळे हवे. झिलईची कृती हे पुष्कळ ठिकाणी घराण्याचे गुपित असते. मरताना बाप मुलाला सांगणार, बाहेरच्याला नाही. आपल्याकडच्या निर्मला पटवर्धन यांनी हा कोंडमारा फोडला. शांतिनिकेतनात शिकलेल्या या बाईंनी झिलयांवर आयुष्यभर प्रयोग केले आणि ‘अ हँडबुक फॉर पॉटर्स’ या पुस्तकात ते ज्ञान सर्वांसाठी छापून टाकले. ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट करणारे आनंद पटवर्धन हे त्यांचे चिरंजीव. आईवडिलांवर त्यांनी ‘द वर्ल्ड इज फॅमिली’ (२०२३) हा चित्रपट केला आहे. मिळवलेले ज्ञान पेटीत बंद न करता दुसऱ्याच्या हाती देणारी आई कशी असते, हे समजून घ्यायचे असेल तर तो जरूर पाहावा.

बिॲट्रिस वुड यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले ते १९८५ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी. त्यानंतरही कित्येक वर्षे त्या कामाला बसत होत्या. एका किटलीसाठी सुरू झालेले काम त्यांनी शंभरी उलटल्यावरही हातातून खाली ठेवले नाही.

आपल्या घरात शिवणयंत्र असेल, रंगांची पेटी असेल, नाही तर माळ्यावर ठेवून दिलेली तबल्याची जोडी असेल. ‘आता या वयात कुठे?’ असे म्हणून आपण तिच्याकडे पाठ फिरवली असेल. या रविवारी ती खाली काढा. धूळ पुसा. पहिल्या दिवशी काही जमणार नाही, हे नक्की. बिॲट्रिसबाईंनाही जमले नव्हते. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, एवढेच.